साखळीवाल्याची साक्ष

ओडेल मॅकस्वेन कधी खोटं बोलला नाही, असं हार्लन क्रीकमध्ये कुणीही सांगेल. चौतीस वर्षं त्यानं काउंटीची पिवळी शाळेची बस चालवली आणि एकतीस वर्षं शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यांत मैदानाच्या कडेला साखळी धरली. दहा यार्ड लांबीची साखळी, दोन टोकांना दोन खांब. चार प्रयत्नांत चेंडू तेवढा पुढे सरकला की नाही, हे तीच ठरवते. वाद झाला की पंच बोटानं खूण करतो, साखळी मैदानात येते आणि हजार माणसं श्वास रोखून ओडेलच्या हाताकडे बघतात. एवढ्या वर्षांत त्यानं खांब अर्धा इंचही इकडचा तिकडे केला नाही. आपल्याच गावाची शाळा चार बोटांनी हरली तेव्हाही नाही. त्या वेळी त्याच्या मेव्हण्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं, ते थेट ख्रिसमसला टर्की कापायच्या वेळी तोंड उघडलं.

बस चालवायची सुटली, बायको लुएला गेली, मुलगी अटलांटात संसाराला लागली. एकाहत्तराव्या वर्षी ओडेलकडे दोन गोष्टी उरल्या होत्या, साखळी आणि मेझीच्या हॉटेलातलं खिडकीजवळचं टेबल. तिथे रोज सकाळी साडेसहाला तीन म्हातारे जमत. ओडेल, विम्याचं काम करून निवृत्त झालेला हॉइट लॅसिटर, आणि डब प्रुइट न्हावी, ज्याला आपलं दुकान आठला उघडायचं असतं हे रोज साडेआठला आठवायचं. ग्रेव्हीत बुडवलेली, मऊ पावासारखी गरम बिस्किटं, सॉसेज, कॉफी, आणि हॅलोवे कॉलेजचा फुटबॉल. हॅलोवे गावापासून नव्वद मैलांवर. तिघांपैकी एकानंही तिथल्या वर्गात पाऊल ठेवलं नव्हतं, हॉइटनं तर बारावीसुद्धा दोन हप्त्यांत केली होती. पण शनिवारी हॅलोवे हरलं की सोमवारपर्यंत तिघांच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि "आपण हरलो" असंच तिघं म्हणत.

सामन्यांपेक्षाही त्यांचा खरा जीव कशात असेल तर तो पोरं निवडण्यात. पुढच्या वर्षी शाळेतून बाहेर पडणारा कोणता पोरगा हॅलोवेनं घ्यावा आणि कोणता घेऊ नये, यावर हे तिघं बारा महिने भांडत. हॉइटचा सगळा भरवसा ताऱ्यांवर. वेबसाइटवाले प्रत्येक पोराला दोन ते पाच तारे देतात, त्यापुढे त्याच्या दृष्टीनं बायबलसुद्धा फिकं. डबचा सिद्धांत वेगळा होता. पोराकडे बघूच नका, त्याच्या आईचे खांदे बघा. आई रुंद तर पोरगा अजून भरणार, आई लहानखुरी तर जे दिसतंय तेवढंच. या शास्त्रापायी डब एकदा चर्चच्या जेवणात एका बाईकडे इतका वेळ बघत बसला की तिच्या नवऱ्यानं येऊन त्याला बाहेर बोलावलं होतं.

ओडेल म्हणायचा, पाय बघा. चेंडू चालू असताना सगळेच धावतात, त्यात काय मोठं. शिट्टी वाजल्यावर पोरगा काय करतो ते बघा. ढिगाऱ्यातून उठून धावत जागेवर जातो की कमरेवर हात ठेवून चालतो. साखळी धरणाऱ्याला शिट्टीनंतर हलायची मुभा नसते, त्यामुळे बघायला वेळच वेळ.

हॅलोवेला केल्सो नावाचा नवा कोच आला आणि पत्रकारांसमोर पहिल्याच दिवशी म्हणाला, की मी पोरगा शिट्टीनंतर ओळखतो. मेझीच्या टीव्हीवर हे ऐकून ओडेलनं चमचा खाली ठेवला. हॉइट कुरकुरला, की जुना कोच तारे बघून पोरं घ्यायचा आणि वर्षाला नऊ सामने जिंकायचा, हा पाय बघत बसेल आणि पाच जिंकेल. पण ओडेल त्या दिवशी घरी गेला तो ताठ मानेनं. एवढ्या मोठ्या पगाराचा माणूस आपण तीन दशकं जे म्हणतोय तेच म्हणतो, याचं सुख लहान नसतं.

त्याच सुखात त्यानं लिहायला सुरुवात केली. हॅलोवेच्या चाहत्यांची एक वेबसाइट होती, तिथे रोज हजारो लोक एकमेकांची अक्कल काढत. ओडेलनं दोन बोटांनी टंकत नाव घातलं, 'साखळीवाला'. आठवड्याला एक टिपण. आपण काय पाहिलं तेवढंच, मोजून मापून. बाकीचे सुतावरून स्वर्ग गाठणारे, त्यात हा एक माणूस मैदानापासून सहा फुटांवर उभा राहून पाहिलेलं सांगणारा. लोक त्याच्या टिपणाची वाट बघू लागले. काउंटीत तर सगळ्यांनाच ठाऊक होतं साखळीवाला कोण ते.

त्या वर्षी आमच्या काउंटीचा डोळ्याचा तारा होता सिलस मिल शाळेचा टेरियस बोझमन. चोपन्न नंबर. सहा फूट चार इंच, बचावफळीच्या मधोमध उभा राहिला की समोरच्यांना मैदान दिसायचं बंद व्हायचं. हॅलोवेनं त्याला जागा देऊ केली होती, चार वर्षांचं शिक्षण फुकट. त्यानं जूनमध्ये शब्द दिला होता. सिलस मिल म्हणजे हार्लन क्रीकची हाडवैरी शाळा, तरीही त्या पोरासाठी दोन्ही गावं एक झाली होती. कारण आमच्या काउंटीतून हॅलोवेला शेवटचा पोरगा गेला त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी सिलस मिल हार्लन क्रीकला खेळायला आली. पाऊस, चिखल, मैदानाची नुसती खीर. साखळी पाहुण्यांच्या बाजूला असते, म्हणजे ओडेल त्यांच्या बाकापासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या अर्ध्यात चोपन्न नंबरनं आमच्या पोरांची दाणादाण उडवली. दुसऱ्या अर्ध्यात मात्र भलतंच. चोपन्न नंबर शिट्टी झाली की चालत होता. दोनदा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला. एकदा तर डाव सुरू झाला तरी खाली बघत होता. ओडेलला धक्काच बसला. त्याला घरी जाऊनही चैन पडेना आणि शनिवारी सकाळी त्यानं टिपण लिहिलं. पाहिलं तेवढं लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, न पाहिलेलंही एक वाक्य लिहिलं. "पोरात ताकद आहे, पण जागा पक्की झाल्यावर त्याचं मन उडालेलं दिसतं. हॅलोवेनं पुन्हा विचार करावा." उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं हेही बोटांचं काम.

चारशेंवर लोकांनी त्याला अंगठा वर करून दाद दिली. ओडेलनं कॉम्प्युटर बंद केला, गवत कापलं, आणि महिनाभरात तो ते विसरूनही गेला.

डिसेंबरचा पहिला बुधवार म्हणजे सहीचा दिवस. देशभरातली पोरं त्या दिवशी शाळेच्या जिममध्ये टेबलामागे बसतात, समोर कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या असतात, एक उचलून डोक्यावर घालतात आणि कागदावर सही करतात. मेझीच्या हॉटेलात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. हॉइट फोनवर हॅलोवेची यादी वाचत होता. ज्याचा कागद पोहोचेल त्याचं नाव चढत होतं. सात वाजले, आठ वाजले. डबला दुकान उघडायचं आज आठवतही नव्हतं.

"एकवीस नावं झाली," हॉइट म्हणाला. "यादी बंद म्हणून लिहिलंय खाली."

"बोझमन?" डबनं विचारलं.

हॉइटनं पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा फिरवलं. बोझमनचं नाव नव्हतं. टेक्सासच्या कुठल्याशा पोराचं नाव होतं त्या जागी, जे कुणी कधी ऐकलंही नव्हतं.

मग मेझीच स्वयंपाकघरातून फोन हातात धरून बाहेर आली. तिची भाची सिलस मिलला शिकवत होती. जिममध्ये टेबल मांडलं होतं, हॅलोवेच्या निळ्या रंगाचा केक आणला होता. काल संध्याकाळी कॉलेजचा फोन आला, की दिलेली जागा परत घेतली आहे. सकाळी शिपायानं टेबल उचलून ठेवलं. केक तसाच शिक्षकांच्या खोलीत होता, कुणी कापला नव्हता.

सहा महिने हो म्हणून आदल्या संध्याकाळी नाही म्हणायचं, ही काय रीत झाली? आता बाकी कॉलेजांच्या याद्याही भरत आल्या, पोरानं जायचं कुठे? डबनं कोच केल्सोच्या तीन पिढ्या उद्धरल्या. ओडेलही त्यात सामील होता. शब्द दिला की दिला, असं तो ठासून म्हणाला.

तेवढ्यात हॉइटला एका वार्ताहराची बातमी सापडली आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली. ऑक्टोबरमधल्या एका सामन्याविषयी चाहत्यांच्या वेबसाइटवर अनुभवी माणसाचं टिपण आलं होतं. त्यावरून हॅलोवेच्या कोचनी त्या सामन्याचं चित्रीकरण मागवलं. त्यात चोपन्न नंबर दुसऱ्या अर्ध्यात शिट्टीनंतर चालताना दिसला, आणि त्यांचं मन तिथून फिरलं.

डबनं सावकाश मान वळवली. "ओडेल, हे तुझंच की रे."

मग जे झालं त्याची ओडेलला पुढे फार लाज वाटली. हॉइटनं, ज्या हॉइटनं त्याच्या पायांच्या शास्त्राची वीस वर्षं टिंगल केली, त्यानं हात पुढे केला. मागच्या टेबलावरचा एक जण म्हणाला की वाईट झालं खरं, पण आळशी पोरगा घेऊन चार वर्षं रडण्यापेक्षा बरं. कुणीतरी पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्याचा शब्द थेट केल्सोच्या टेबलापर्यंत गेला होता. खोटं कशाला सांगा, ओडेलला बरं वाटलं. पोराचं वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं.

"कुठला सामना म्हणालात?"

काउंटरजवळच्या स्टुलावर लमार स्टोक्स बसला होता. दिवसा टपाल वाटायचा, शुक्रवारी पांढरी टोपी घालून मुख्य पंच व्हायचा. हॉइटनं सांगितलं, आपल्याकडचा, पावसातला.

लमारनं स्टूल पूर्ण वळवलं. "दुसऱ्या अर्ध्यात बोझमन खेळलाच नाही."

"मी पाहिला ना," ओडेल म्हणाला. "माझ्यापासून दहा फुटांवर."

"शर्ट पाहिलास तू. मध्यंतराच्या आधीच त्याचा घोटा मुरगळला. मग त्यांच्या एकसष्ट नंबरचं नाक फुटलं, शर्टभर रक्त. रक्त लागलेला शर्ट घालून मी कुणाला आत येऊ देत नाही, नियमच आहे. त्यांच्याकडे जादा शर्ट एकच, तो आधीच फाटलेला. म्हणून बोझमननं बाकावर बसून आपला काढून दिला. ते दुसरं पोर दहावीतलं, चढाईत आणि बचावात दोन्हीकडे खेळत होतं, दमून मेलं होतं बिचारं. माझ्या कार्डावर लिहिलंय सगळं."

"मला कुणी सांगितलं नाही," ओडेल म्हणाला.

"दोन्ही कोचना सांगितलं, वर माइकवाल्याला सांगितलं. साखळीवाल्यांना सांगायची रीत नाही, ओडेल. तुम्हाला अंतर लागतं, माणूस लागत नाही."

ओडेलला आठवलं, त्या वेळी कर्णा खरखरला होता खरा. पण पाहुण्यांचा बँड त्याच्या पाठीशी ढोल बडवत होता आणि त्यानं तिकडे लक्ष दिलं नव्हतं. हेल्मेटच्या जाळीत चेहरा दिसत नाही. चिखलात सगळी अंगं सारखी. तो एकतीस वर्षं पाय आणि नंबर बघत आला होता, आणि दोन्ही त्यानं अगदी बरोबर पाहिले होते. मघाशी पाठीवर पडलेली थाप अजून जाणवत होती आणि ती पुसून टाकावी असं त्याला वाटलं. टेबलावर कुणी त्याच्याकडे बघेना. डब उठून दुकानाकडे गेला.

घरी जाऊन त्यानं कोट न काढताच टिपण लिहिलं. मी चुकलो, तो बोझमन नव्हता, शर्ट दुसऱ्यानं घातला होता, पंच साक्षीला आहे. अर्ध्या तासात उत्तरं आली. एकानं लिहिलं की शेजारच्या गावाचा पोरगा म्हणून म्हातारा पाघळला. दुसऱ्यानं लिहिलं की पोराच्या नातेवाइकांनी दम दिलेला दिसतो. तिसऱ्याला टेक्सासचा पोरगाच जास्त आवडला होता आणि तो आता हा विषय बंद करा म्हणत होता. चुकीचं सांगितलं तेव्हा ज्या लोकांनी डोक्यावर घेतलं, त्यांना खरं सांगितल्यावर त्याची दया येत होती. त्याला हे कळेचना.

त्यानं हॅलोवेच्या फुटबॉल कचेरीत फोन लावला. एका मुलीनं नाव, नंबर लिहून घेतला. कुणी फोन करणार नाही अशी त्याची खात्री होती, पण दुपारी दोनला आला. तरुण आवाज, अतिशय अदबशीर, पोरं निवडण्याच्या खात्यातला कुणी साहाय्यक. ओडेलनं सगळं सांगितलं. शर्ट, रक्त, घोटा, लमारचं कार्ड.

"घोट्याचं त्यांच्या कोचनंही सांगितलं होतं, सर," तो तरुण म्हणाला. "पण शर्टाची गोष्ट मी आजच ऐकतोय. शाळेचा प्रत्येक कोच खिशात एक मुरगळलेला घोटा घेऊनच फिरतो, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. आणि खरं सांगू? आम्ही फक्त तुमच्या टिपणावर गेलो नाही, चित्रीकरणावरही नाही. पोरानं स्वतः कबूल केलंय."

"काय कबूल केलंय?"

"त्यानं नोव्हेंबरमध्ये कोचना पत्र लिहिलं, स्वतःच्या अक्षरात. की त्या सामन्यात मी कामचुकारपणा केला, मला माफ करा, पुन्हा होणार नाही. कोचना पत्र आवडलं, सर. पण जो पोरगा स्वतः म्हणतो मी मन काढून घेतलं, त्याच्यावर जागा कशी घालवायची? आता तर यादी भरली. तुम्ही फोन केलात, आभारी आहोत."

ओडेलनं फोन ठेवला. पोरानं कबूल केलं होतं? न खेळलेल्या अर्ध्याबद्दल? त्याचं डोकं चालेना. आणि मग, म्हाताऱ्याच्या मनात एक क्षुद्र आशा उगवली. लमार चुकला असेल. कार्डावर भलतंच लिहिलं असेल. पोरगा खरंच खेळला असेल, खरंच चालला असेल, आणि आपण खरंच पाहिलं असेल. नाहीतर कुणी असं पत्र कशाला लिहील? ही आशा घेऊनच त्यानं पिकअप काढली. आपण माफी मागायला जातोय असं तो स्वतःला सांगत होता. सिलस मिलचे चौदा मैल कापेपर्यंत त्याला ठाऊक झालं होतं की आपण सुटका शोधायला जातोय.

टेरियसची आई रेनिटा बोझमन लहानपणी ओडेलच्याच बसमधून शाळेत जायची. आता वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला होती. दार तिनंच उघडलं, अंगात कामाचाच जांभळा पोशाख. ओडेलला बघून ती बाजूला झाली आणि बसा म्हणाली. गोड चहा आणून दिला. घरात माणूस दगावल्यावर असते तशी शांतता होती, आणि खुर्चीवर निळी नवी टोपी पडली होती, तिची किमतीची चिठ्ठी अजून तशीच.

"आम्ही काही तक्रार करणार नाही, मिस्टर ओडेल," ती आपणहून म्हणाली. "तुम्ही पाहिलं ते सांगितलंत. त्यानं केलं, त्याला भोगलं पाहिजे."

ओडेलनं विचारलं, की त्या सामन्याला ती होती का. नव्हती. तिची दुपारची पाळी होती, ती सुटते अकराला.

"मग पत्र…" ओडेलनं विचारलं.

"मी लिहून घेतलं," रेनिटा म्हणाली. तिचा आवाज अजूनही ताठ होता, चांगलं काम केल्याचा. "माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईनं तुमचं टिपण दाखवलं. मी घरी येऊन त्याला टेबलाशी बसवलं आणि वाचून दाखवलं. तो म्हणाला, मम्मा, तो मी नव्हतो, मी कीननला शर्ट दिला होता. मी म्हटलं, अशा थापा मला नको सांगूस. मी चौथीत असताना बसची सीट कुणीतरी चाकूनं फाडली आणि हेडमास्तरांनी माझं नाव घेतलं. सगळे म्हणाले तीच. मिस्टर ओडेल शाळेत चालत आले आणि म्हणाले, मी आरशात पाहिलंय, ती नव्हती. माझ्या बापानंसुद्धा तोवर माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. तो माणूस न पाहिलेलं सांगत नाही. लिही पत्र, म्हटलं. मी मागे उभी होते. त्यानं लिहिलं."

ओडेलनं चहाचा पेला खाली ठेवला. त्याला सीटची गोष्ट आठवतही नव्हती. अशा शंभर सीटा फाटल्या असतील.

"रेनिटा," तो म्हणाला, "पोरगा खरं बोलत होता."

मग त्यानं सांगितलं. लमारचं कार्ड, नाक फुटलेला कीनन, बँडच्या आवाजात न ऐकलेला कर्णा. काहीही आडपडदा न ठेवता, पाठीवरच्या थापेसकट आणि इथे येताना मनात आणलेल्या आशेसकट. मन उडाल्याचं वाक्य आपण पाहून नव्हे तर मनानं लिहिलं, हेही सांगितलं. ती त्याच्याकडे बघत होती, पण ऐकताना तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. ती रागावेल अशी त्याची अपेक्षा होती, ओरडेल, घालवून देईल. त्याला ते हवं होतं. ती फक्त उभी राहिली आणि आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघू लागली.

"मी त्याच्याशी बोलतो," ओडेल उठत म्हणाला. "चूक माझी आहे."

"नाही. बसा." तिनं हात आडवा धरला. "तुम्ही त्याला ओळखत नव्हतात. आधी मी जाणार."

ती आत गेली. दार लागलं. ओडेल आपली टोपी हातात फिरवत बसला. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं, एकदा काहीतरी पडल्यासारखा आवाज आला, मग पुन्हा काही नाही. त्याला वाटलं दहा मिनिटं झाली, घड्याळात चार झाली होती.

दार उघडलं आणि टेरियस बाहेर आला. चौकटीखालून येताना त्याला वाकावं लागलं. इतक्या जवळून, हेल्मेटशिवाय, ओडेल त्याला पहिल्यांदाच बघत होता. लहान मुलासारखा चेहरा, हनुवटीवर जुनी खूण. रेनिटा त्याच्या मागे दारातच थांबली, भिंतीला हात लावून.

"गुड आफ्टरनून, सर," तो म्हणाला.

ओडेल उभा राहिला. त्यानं माफी मागितली, सरळ, शब्द न चावता. मग जे विचारायला नको होतं ते त्याच्या तोंडून निघालंच. तू का नाही सांगितलंस, पोरा? कोचना, केल्सोला, मला, कुणालाही. चौदा मैलांवर तर राहतो मी.

टेरियसनं आईकडे वळून पाहिलं नाही. तो खाली बघत होता, आणि बोलला ते अगदी हळू, कुणाचं मन दुखू नये अशा बेतानं.

"एकदा सांगितलं होतं, सर."

मागे रेनिटा भिंतीला टेकत टेकत खाली बसली. पोरगा झटकन वळला आणि तिला उठवायला गेला.